एकपात्री कबुलीजबाब आणि रंगमंचावर नसलेली बायको

अबोली
स्टीव्हन फेल्स या अमेरिकन नटाचा 'कन्फेशन्स ऑफ अ मॉर्मन बॉय' हा एकपात्री इथे किती जणांना माहीत असेल कल्पना नाही, म्हणून आधी थोडक्यात. मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथात पिढ्यानपिढ्या मुरलेलं घर. रीतीप्रमाणे तरुणपणी दोन वर्षं धर्मप्रचाराला, पोर्तुगालमध्ये. परत आल्यावर लग्न, दोन मुलं. आपण समलिंगी आहोत हे दाबून ठेवलेलं, ते 'बरं' व्हावं म्हणून उपचारही घेतलेले. मग पंथातून हकालपट्टी, घटस्फोट, न्यूयॉर्क, तिथे पैसे घेऊन शरीरविक्रय, अमली पदार्थ आणि त्यातून वर येणं. हे सगळं तो एकटा उभा राहून सांगतो. २००१ मध्ये सॉल्ट लेक सिटीत, म्हणजे थेट पंथाच्या अंगणात, सुरुवात केली. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या सोहो प्लेहाउसमध्ये जॅक हॉफसिसच्या दिग्दर्शनाखाली प्रयोग झाले. संहिता छापून आलेली आहे.

धाडसाबद्दल वाद नाही. माझा आक्षेप त्याच्या बायकोच्या, एमिली पिअर्सनच्या बाजूने आहे. तिचे वडील जेराल्ड हेही समलिंगी होते, त्यांचाही मॉर्मन संसार मोडला होता. १९८४ मध्ये ते एड्सने गेले तेव्हा शेवटची शुश्रूषा घटस्फोटित बायकोनेच केली. ती कवयित्री कॅरल लिन पिअर्सन. तिने १९८६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे एमिलीच्या वाट्याला हे दुसऱ्यांदा आलं, आणि दोन्ही वेळा गोष्ट आधी दुसऱ्याच कोणी सांगून टाकली. नवरा तिकीट लावून तिचा संसार मांडतो, तिचे संवाद तोच म्हणतो, टाळ्याही त्यालाच. दोन पात्रांचं नाटक असतं तर तिच्या तोंडी निदान एखादं वर्मी लागणारं वाक्य द्यावं लागलं असतं. जिवंत, ओळखू येणारी माणसं गुंतलेली असतील तर आत्मकथनाचा एकपात्री करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी घंटा
करूच नये? फार झालं हे.

एकपात्रीत दुसरा माणूस बोलू शकत नाही हे मुळात खरं नाही. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड'मध्ये बावन्न पात्रं उभी करायचे. प्रश्न ती कशी उभी करायची याचा. तालमीत हे रोज दिसतं. नटाने बायकोचं वाक्य घेताना आवाज नाकात नेला, मान वेळावली, की प्रेक्षक तिच्यावर हसतो. तेच वाक्य त्याने हात खाली सोडून, स्वतःच्याच आवाजात, घाई न करता म्हटलं की प्रेक्षागृह तिचं ऐकतं आणि नट उघडा पडतो. नक्कल चाललीय की तिला जागा दिलीय, हे दहाव्या रांगेतल्या माणसालाही कळतं. तेव्हा दोष द्यायचा तर त्या प्रयोगाला द्या, प्रकाराला कशाला?

आणि आपल्याकडचं बघा. पु.लं.नी आयुष्यभर एकट्याने रंगमंच गाजवला. १९९० मध्ये सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आलं आणि त्याच घराची दुसरी खोली दिसली. पु.लं.नी प्रयोग करायला नको होते, असं त्यावरून कोणी म्हटलं नाही.

खडूस काका
मला वेगळंच खुपतं. हा माणूस मोठा होऊन, समजून-उमजून त्या पंथाचे नियम पाळत होता. मोडले, बाहेर काढलं. क्लबसुद्धा काढतो. मग त्याच पंथाच्या नावावर तिकिटं विकायची? शीर्षकातून 'मॉर्मन' काढा आणि किती लोक येतात बघू.

लेहीकर
काका, मी अमेरिकेत युटा राज्यात, मॉर्मनांच्या मुलखात, लेही गावी राहतो, म्हणून बोलतो. याला क्लब म्हणणं म्हणजे पंढरपूरला बसस्टॉप म्हणणं.

इथल्या मुलाला जन्मापासून माहीत असतं की आपण मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जाणार. पूर्वी एकोणिसाव्या वर्षी, २०१२ पासून अठराव्या. खर्च स्वतःचा नाहीतर घरच्यांचा. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी, त्यावर 'एल्डर' आणि फक्त आडनाव. साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवा बंद. सोबतीला नेमून दिलेला जोडीदार, दुसरा तसाच मुलगा. त्याला सोडून कुठेही जायचं नाही, झोपायचंही एकाच खोलीत. आठवड्याला घरी फोन करायची मुभा २०१९ मध्ये मिळाली. फेल्सच्या काळात पत्रं, आणि फोन फक्त नाताळ आणि मदर्स डेला. ज्याला आपलं मन मुलांकडे ओढ घेतंय हे कळलंय, त्याने ही दोन वर्षं कशी काढायची? आणि परत आल्यावर लग्न लगेच. मंदिरात लागलेलं लग्न मरणानंतरही, अनंतकाळासाठी असतं. आपल्या सात जन्मांना निदान शेवट तरी आहे!

मुद्द्याचं सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करून साक्ष देण्याची सभा असते. कोणीही उठतं, माइकपाशी जातं, आपल्या आयुष्यात काय घडलं ते सांगतं, रडतं, बसतं. लहान पोरंसुद्धा. एकट्याने उभं राहून स्वतःची गोष्ट सांगणं हे या लोकांच्या रक्तात आहे. हकालपट्टी झाली की सभेला येता येतं, पण बोलता येत नाही. जाहीर प्रार्थना सांगता येत नाही. दशमांशाचे, म्हणजे कमाईचा दहावा भाग पंथाला द्यायचा त्याचे, पैसेही घेत नाहीत. मग साक्ष द्यायची कुठे? नाट्यगृह भाड्याने घेतलं त्याने, दुसरं काय?

शेजारी म्हणून ही माणसं सोन्यासारखी आहेत, हेही लिहून ठेवतो. आमच्याकडे बाळ झालं तेव्हा आठवडाभर रात्रीचं जेवण त्यांच्याकडून येत होतं.

अबोली
लेहीकर, साक्षीचा मुद्दा मस्त, पण तो माझ्याच पथ्यावर पडतो. तिथे माइक सगळ्यांसाठी असतो. तो खाली बसला की ती उठू शकते. सोहो प्लेहाउसमध्ये उठू शकते का?

आणि ज्या सुनावणीत अशा पुरुषांना काढायचे तिची तेव्हाची रीत वाचलीत? पंथाचे तिथले वरचे तिघे आणि बारा जणांची परिषद, असे पंधरा पुरुष. बारांनी चिठ्ठ्या काढायच्या आणि त्यातल्या अर्ध्यांनी आरोपीवर अन्याय होत नाही ना हे बघायचं. प्रत्यक्षात काय होत असेल ते असो. पण ज्या व्यवस्थेला आपण जाचक म्हणतोय तिनेही समोरच्याची बाजू बघायला सहा खुर्च्या ठेवल्या होत्या. फेल्सच्या रंगमंचावर बायकोसाठी एकही नाही.

अर्धविराम
आतापर्यंत वाचतच होतो. अबोलीताई, मी समलिंगी आहे, पुण्यात राहतो. त्या सहा खुर्च्यांचं कौतुक वाचून बरं वाटलं नाही. पंधराही खुर्च्यांवर पुरुष, पंथाचेच, आणि नियम बरोबर की चूक हा प्रश्न तिथे विचारताच येत नाही.

एमिलीवर अन्याय झाला, शंभर टक्के. पण तो प्रयोगाने झाला की लग्नाने? 'लग्न कर, होईल ठीक' हे ऐकलं नाही असा आमच्यातला माणूस शोधून काढा. मॉर्मन नेते गॉर्डन हिंकली यांनी १९८७ मध्ये जाहीर भाषणात सांगितलं होतं की लग्न हा यावरचा उपाय समजू नये. फेल्सचं लग्न त्यानंतरचं, नव्वदच्या दशकातलं. वरून सांगितलं म्हणून खाली झिरपतंच असं नाही. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल आमच्या बाजूने लागला, आणि माझ्या आईने त्या दिवाळीतही स्थळाचा फोटो पुढे केलाच.

आता रंगमंचाबद्दल. तेंडुलकरांनी १९८१ मध्ये 'मित्राची गोष्ट' आणली. मोठंच काम. पण तिथेही मित्राची, म्हणजे त्या नावाच्या समलिंगी मुलीची, गोष्ट सांगतो कोण? बापू. तिच्यावर जीव असलेला पुरुष. आमच्या गोष्टी आजवर अशाच आल्या: मित्राने, आईने, डॉक्टरांनी, नाहीतर गुन्ह्याच्या बातमीने सांगितलेल्या. कुठे एक माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतोय, तेही शरीर विकलं, नशा केली हे सगळं ओकून, आणि पहिली हरकत काय, तर तू एकटाच का बोलतोस!

तिसरी घंटा
+१. शिवाय तो स्वतःला धुतल्या तांदळासारखा दाखवत नाही, हे विसरू नका. कबुलीजबाबात पहिला आरोपी सांगणाराच असतो.

खडूस काका
कबुलीतही कमाई आहे हो. जितकं खाली गेलो तितकी टाळी मोठी. रिअॅलिटी शोवाले हेच करतात.

अबोली
काका कधी नव्हे ते माझ्या बाजूने, पण मला ती बाजू नको. त्याने पैसे कमावले याचं मला काही नाही. नट आहे, पोट आहे.

अर्धविराम, तुमचं पटतंय तिथे पटतंय: लग्नाला भाग पाडणारे सुटतात आणि बोट प्रयोगाकडे जातं. पण मुलांचं सांगा. २०१५ मध्ये याच पंथाने नियम काढला की समलिंगी जोडप्याच्या मुलांना अठरा वर्षांचं होईपर्यंत बाप्तिस्मा नाही, आणि नंतरही आईबापांचं तसं राहणं अमान्य आहे असं सांगितल्यावरच. केवढा गदारोळ झाला, २०१९ मध्ये मागे घ्यावा लागला. का? मोठ्यांच्या भांडणात मुलांना ओढलं म्हणून. मग बाप न्यूयॉर्कच्या रंगमंचावरून मुलांच्या ताटातुटीची गोष्ट सांगतो, तेव्हा शाळेत त्या मुलांना कोण काय विचारत असेल? त्यांना कोणी विचारलं होतं?

एमिलीने पुढे स्वतःचं आत्मकथन लिहिलं, हे मला माहीत आहे. आई लेखिका, घरात पुस्तकांचं वातावरण, तिला जमलं. ज्यांना जमत नाही त्यांचं काय? माझी साधी सूचना: जिवंत माणसांवरचा असा प्रयोग उभा करण्याआधी त्यांना संहिता वाचायला द्यावी, त्यांची हरकत असेल ते गाळावं.

अर्धविराम
वाचायला द्यावी, मान्य. गाळावं, अमान्य. म्हणजे माझ्या आयुष्यातलं काय सांगायचं याची परवानगी मी पुन्हा घरच्यांकडूनच आणायची. माझी आई पहिल्याच पानावर लाल पेन घेऊन बसेल आणि शेवटी उरेल ते माझं दहावीचं प्रगतिपुस्तक.

लेहीकर
इकडे पहाटेचे दोन वाजलेत, झोपतो. काका, ते रिअॅलिटी शोचं उद्या खोडून काढतो, धागा वर ठेवा.