मदत हवी आहे: रक्तसंक्रमण मार्गदर्शक तत्त्वांना अ‍ॅग्री-२ चे गुण देताना अडलोय

रक्तसंक्रमणाच्या मार्गदर्शक तत्त्वांचा दर्जा आम्ही चौघे अ‍ॅग्री-२ ने (मार्गदर्शक तत्त्वं किती नीट तयार केली ते मोजणारं साधन) तपासतोय. २३ मुद्दे, ६ विभाग, प्रत्येक मुद्द्याला १ ते ७ गुण. गणित सोपं आहे: तिसऱ्या विभागात, म्हणजे तत्त्वं तयार करण्यातल्या काटेकोरपणात, ८ मुद्दे; चौघांचे मिळून किमान ३२, कमाल २२४. एका दस्तऐवजाला १२८ मिळाले, म्हणजे (१२८−३२)÷(२२४−३२), बरोबर ५० टक्के.

अडचण मुद्दा क्र. १२ ची आहे: शिफारस आणि पुरावा यांचा थेट दुवा. "स्थिर प्रौढ रुग्णात हिमोग्लोबिन ७ ग्रॅम प्रति डेसीलिटरखाली गेल्यावर रक्त द्या" याला रुग्णांवरच्या संशोधन-चाचण्यांचा आधार स्पष्ट दिलाय. त्याच पानावर प्लाझ्माच्या (रक्तातल्या द्रव भागाच्या) मात्रेला मात्र एकही संदर्भ नाही. मग दोघांनी ६ दिले, दोघांनी २. सरासरी ४ येते आणि खरा दोष झाकला जातो. लाल पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा यांना वेगवेगळे गुण द्यावेत का? की एकच गुण देऊन शेऱ्यात फरक लिहावा?

दुसरं, आणि मला जास्त खुपणारं: हे साधन मजकूर कसा तयार झाला ते मोजतं, शिफारस वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे का ते नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णालाही सरसकट ७ चीच मर्यादा लावणारा दस्तऐवज उत्तम गुण मिळवू शकतो. त्यासाठी तुम्ही वेगळा तक्ता वापरता का? त्यात कोणते रकाने ठेवता?