सरकार पुजारी नेमतं, मग पूजाविधीही ठरवू शकतं का?

पंढरपूरच्या 1973च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे (विठ्ठल-रुक्मिणी मंदिराचे पिढीजात पुजारी) वंशपरंपरागत हक्क गेले. उद्या नैवेद्याची वेळही सरकारच ठरवणार का?

↳ नाही. घटनेचं कलम 25(2)(क) सरकारला धर्माशी निगडित आर्थिक आणि ऐहिक (म्हणजे धर्मेतर) बाबींपुरताच हात देतं. 1954चा सर्वोच्च न्यायालयाचा शिरूर मठ निकाल वाचा (उडुपीचा शिरूर, पुण्याजवळचा नव्हे). ठरलेल्या वेळी नैवेद्य दाखवणं हे धर्मकृत्य. त्यावर पैसा खर्च होतो म्हणून ते ऐहिक ठरत नाही. खर्च किती करायचा, यावर मात्र कायद्याने नियंत्रण आणता येतं. लोकांची गल्लत नेमकी इथेच होते.

↳ नेमणुकीचं पण सांगा की! तमिळनाडूने 1970 साली अर्चकांचा (मंदिरातल्या पुजाऱ्यांचा) वारसाहक्क काढला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1972च्या शेषम्माळ निकालात तो बदल टिकला, कारण नेमणूक ऐहिक. पण मूर्तीला स्पर्श कोणी करायचा, हे आगमांनुसारच (मंदिरपूजेचे शास्त्रग्रंथ).