रुईवरचा काळा भुंगा आणि केशरी फुलपाखरू: दोघांचं काम एकच का?

अंगणवेल: कुंपणाजवळच्या रुईवर मोठा काळा भुंगा आणि केशरी प्लेन टायगर फुलपाखरू, दोघं नेहमी दिसतात. दोघंही मधासाठीच हिंडतात ना? मग रुई काढून तिथं रंगीत फुलझाडं लावली तर दोघांचंही भागेल का?

रानवाट: काढू नका, कळकळीनं सांगते. फुलावर बसलेले कीटक बघून त्यांची गरज कळत नाही, त्यांची पिल्लं कशावर वाढतात ते बघावं लागतं.

हा भुंगा म्हणजे झायलोकोपा, मधमाशीच्याच कुळातली रानमाशी. मादी वाळक्या लाकडात किंवा बांबूत जबड्यानं बोगदा कोरते. पराग मधात कालवून गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, भुशाची भिंत उभारते आणि पुढच्या खोलीला लागते. केवढे कष्ट! रुईचा पराग सुट्या भुकटीसारखा नसतो, त्याच्या जोडपिशव्या असतात. त्या भुंग्याच्या पायांना अडकून दुसऱ्या फुलात पोचतात. रुईला असाच दणकट पाहुणा लागतो.

प्लेन टायगर पराग खात नाही, सोंडेनं फक्त मध पितं. मादी रुईच्या पानाखाली एकेक अंडं घालते आणि निघून जाते. सुरवंट तीच चिकाळ पानं खातो. चिकातलं विष त्याच्या अंगात राहतं, म्हणून पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. तुमच्या रंगीत फुलांवर फुलपाखरं येतील, पण अंडी कुठं घालतील? आणि हो, जवळ खुळखुळा उगवला तर तोही राहू द्या. त्याच्या वाळल्या भागांतला रस नर शोषतात, त्यातूनच मादीला भुलवणारा गंध तयार होतो.

मातीमाय: भुंगा डसतो का? आमच्या छपराचे वासे पोखरलेत.

रानवाट: नराला नांगीच नसते. मादीला असते, पण धरल्या-दाबल्याशिवाय ती सहसा डसत नाही. वाशांना रंग द्या, आणि पावसापासून आडोशाला वाळके बांबू आडवे बांधा. तुमच्याकडे वांगी असतील तर भुंगा हवाच. वांग्याच्या फुलात पराग टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. भुंगा फूल धरून अंग थरथरवतो तेव्हा तो झडतो. मधमाशीला हे जमत नाही.

अंगणवेल: रुई ठेवते. पण पानांची चाळण झालीय, फवारू का?

रानवाट: अजिबात नको. ते सुरवंटांचंच काम आहे. रुई पुन्हा फुटते.