वनस्पतींच्या गुणसूत्रांची टोके कोणती प्रथिने राखतात?

प्रश्न – पदव्युत्तर विद्यार्थिनी, वनस्पतिशास्त्र

मानवी पेशीतील टेलोमिअरचे, म्हणजे गुणसूत्राच्या टोकाकडील डीएनएचे, रक्षण करणारा सहा प्रथिनांचा शेल्टरिन संच आमच्या अभ्यासक्रमात सविस्तर आहे. वनस्पतींपाशी येताच मात्र विषय एका वाक्यात आटोपतो. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांसाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपामध्ये पॉट१ए आणि पॉट१बी ही जनुके आहेत, असे वाचनात आले. माणसात पॉट१ हे प्रथिन डीएनएच्या एकेरी धाग्याच्या टोकाला धरून राहते, म्हणून वनस्पतींतही तेच रक्षक मानावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – पेशीविज्ञानाचे अध्यापक

तसे मानू नये. अरॅबिडॉप्सिसमध्ये पॉट१ए हे प्रथिन टेलोमरेज या टेलोमिअर लांबवणाऱ्या विकराच्या जोडीने काम करते. ते नसेल तर टेलोमिअर पिढीगणिक आखूड होत जातात, पण टोके लगोलग उघडी पडत नाहीत. याउलट फिस्कोमिट्रेला या शेवाळात पॉट१चे एकच जनुक असून ते काढल्यास गुणसूत्रे एकमेकांना जोडली जातात. म्हणजे रक्षणाचे काम शेवाळात पॉट१कडे आहे आणि अरॅबिडॉप्सिसमध्ये ते दुसऱ्यांकडे गेले आहे.

ते दुसरे म्हणजे सीटीसी१, एसटीएन१ आणि टीईएन१ या प्रथिनांचा सीएसटी संच. टेलोमरेजचे टीईआरटी जनुक निकामी केलेली रोपे पाच पिढ्या बाह्यतः निरोगी दिसतात, सहाव्या पिढीपासून त्यांत दोष दिसू लागतात आणि दहाव्या पिढीच्या सुमारास वंश खुंटतो. सीटीसी१ किंवा एसटीएन१ गमावलेल्या रोपांत मात्र पहिल्याच पिढीत गुणसूत्रांची टोके एकमेकांत मिसळतात आणि पाने व खोड विकृत होतात. टोक हळूहळू झिजणे आणि टोकावरचे आवरणच जाणे, या दोन निराळ्या घटना आहेत. हा भेद पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवा, असे मला मनापासून वाटते.

उत्तर – संशोधक विद्यार्थी

सरांच्या उत्तराला एक पुरवणी जोडतो. अरॅबिडॉप्सिसची साधारण निम्मी टोके बोथट असतात, म्हणजे तेथे एकेरी धागा बाहेर आलेलाच नसतो, आणि ती टोके केयू७० व केयू८० या प्रथिनांची जोडी धरून ठेवते. विलक्षण गोष्ट अशी की, हीच जोडी तुटलेल्या डीएनएची टोके सांधण्याच्या कामात सर्वांत आधी धावून येते. तरीही टेलोमिअरवर ती सांधण्याऐवजी राखण्याचे काम करते. केयू नसलेल्या रोपांत टेलोमिअर उलट लांबतात, आणि ती रोपे बीजही धरतात.

टेलोमिअरच्या दुहेरी धाग्याच्या भागावर टीआरबी कुलातील प्रथिने बसतात. भातातील आरटीबीपी१ हे दुहेरी टेलोमिअरला चिकटणारे आणखी एक प्रथिन असून ते बंद केल्यावर टेलोमिअर लांबतात आणि पुढील पिढ्यांत वाढ खुंटते.

प्रश्नकर्ती

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. कांद्याच्या मूलाग्राच्या स्लाइडवर आम्ही विभाजन पाहतो. तेथे हे दोष दिसू शकतील का?

उत्तर – पेशीविज्ञानाचे अध्यापक

कांदा या प्रश्नासाठी सोयीचा नाही. बहुतेक वनस्पतींत टेलोमिअरमधील डीएनएच्या अक्षरांचा पुनरावर्ती क्रम टीटीटीएजीजीजी हा असतो, जो १९८८ मध्ये अरॅबिडॉप्सिसमधूनच प्रथम मिळाला. कांद्याचा क्रम सीटीसीजीजीटीटीएटीजीजीजी असा निराळा असून तो २०१६ मध्ये उलगडला. शिवाय वर सांगितलेली सीएसटी व टीईआरटीची उत्परिवर्तित वाणे अरॅबिडॉप्सिसचीच आहेत. त्याच्या कोवळ्या कळ्यांतील स्त्रीकेसर डीएपीआय रंगद्रव्याने रंगवून पश्चावस्थेतील पेशी शोधाव्यात. दोन ध्रुवांकडे ओढल्या जाणाऱ्या गुणसूत्रसमूहांमध्ये बारीक, ताणलेला, चमकता धागा दिसला, तर तो जोडलेल्या गुणसूत्रांचा पूल असतो. आनुवंशिकीतज्ज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात अभ्यासलेले तुटणे, जोडले जाणे आणि पूल होणे यांचे चक्र हेच. तुलनेसाठी एसटीएन१ नसलेल्या रोपांसोबत टीईआरटी नसलेली पहिल्या पिढीची रोपेही घ्यावीत; पूल पहिल्या गटात सापडतील, दुसऱ्यात सहसा सापडणार नाहीत.