वृद्धाश्रम: चूळ भरता न येणाऱ्यांचं तोंड कसं साफ करायचं?

आश्रम_व्यवस्थापक: लकवा झालेले एक आजोबा चूळ भरताना ठसकतात. स्मृतिभ्रंशाच्या एक आजी ब्रश दातांत घट्ट धरतात, सोडतच नाहीत. कवळ्या मावशी एकाच बादलीत गरम पाण्याने धुतात. काय बदलायचं?

शुश्रूषा: ठसका लागतो म्हणजे चूळ बंद. आजोबांना बसतं करा, हनुवटी किंचित छातीकडे. बसवत नसेल तर कुशीवर वळवा, उताणं झोपवून कधीच नको. आधी लकव्याच्या बाजूचा गाल तपासा. तिथे सकाळच्या पोह्यांचा घास दुपारपर्यंत अडकलेला असतो आणि आजोबांना ते कळतही नाही. मऊ ब्रश ओला करून झटकायचा, फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. दोन-तीन दात झाले की पिळलेल्या गॉजने फेस टिपायचा. जीभ मागून पुढे पुसायची, फार आत गेलात तर उबळ येते.

नळीने जेवणाऱ्यांचंही हे दिवसातून दोनदा हवंच. "खातच नाहीत, मग घासायचं कशाला" हा गैरसमज महागात पडतो: तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो.

आजींनी ब्रश धरला तर ओढू नका, ओढलं की जबडा आणखी आवळतो. थांबा, गालावरून हळू हात फिरवा. नाहीच सोडला तर तो तसाच राहू द्या आणि दुसऱ्या ब्रशने बाहेरची बाजू घासा. दातांच्या मध्ये बोट घालायचं नाही. समोर बसून ब्रश त्यांच्याच हातात द्या, वर आपला हात. सकाळी सहाचाच हट्ट नको, शांत असतील ती वेळ धरा. एरवी करू देणाऱ्या आजी एकदम हात झटकायला लागल्या तर दात दुखतोय का, आधी ते पाहा.

डेन्चर_लॅब: बादली आजच बंद करा! अदलाबदल होते, बुरशी एकीकडून दुसरीकडे जाते. प्रत्येकाला झाकणाची, नाव लिहिलेली डबी. गरम पाण्याने कवळीचं अ‍ॅक्रिलिक (प्लास्टिक) वाकडं होतं, मग कवळी सैल बसून हिरडी सोलते. टूथपेस्टने चरे पडतात आणि चऱ्यांत घाण साठते. मऊ ब्रश आणि भांड्यांचा सौम्य लिक्विड साबण पुरे. बेसिनमध्ये पाणी भरून खाली टॉवेल टाका, निसटली तरी फुटणार नाही. रात्री काढून साध्या पाण्यात.

आश्रम_व्यवस्थापक: क्लोरहेक्सिडिन (तोंडाचं जंतुनाशक) रोज चालेल? आणि तोंड पुसायचे लिंबू-ग्लिसरीनचे बोळे?

दंतवैद्य_सोलापूर: बोळे नकोत, लिंबाचं आम्ल दात झिजवतं आणि तोंड आणखी कोरडं पडतं. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन दंतवैद्याने सांगितलं तरच, ठरावीक दिवस, गॉजला लावून. पेस्टनंतर अर्धा तास सोडून, नाहीतर त्याचा असर कमी होतो. जास्त दिवस वापरलं की दात तपकिरी होतात.

कवळीखाली टाळू लालभडक दिसली तर बहुधा बुरशी. औषध तोंडाला आणि सफाई कवळीचीही, नाहीतर ती परत येते. मिश्री लावणाऱ्या आज्यांच्या गालात आतून न पुसला जाणारा पांढरा चट्टा, किंवा कुणाचाही दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तर थेट दवाखान्यात न्या.