मदत हवी आहे: एलियन मालिकेवरचा लेख चौथ्या भागापाशी अडलाय

रात्रपाळी: एलियनवर लेख लिहितोय, निम्मा झालाय आणि चौथ्या भागापाशी अडलोय. माझा मुद्दा असा की या सगळ्या सिनेमांत त्या परग्रहावरच्या प्राण्यापेक्षा कंपनी, म्हणजे वेलंड-युतानी, जास्त भयानक आहे, पण चौथ्यात ते बसतच नाही. वगळू का? परवा द्यायचाय, प्लीज लवकर सांगा.

शेवटची_रांग: चौथा म्हणजे रोम्युलस ना? त्यात तर कंपनीच कंपनी आहे की! त्यातली नायिका रेन कामाचे तास पूर्ण करून जायची परवानगी मागायला जाते तर तासांचा कोटाच वाढवून तिला खाणीत पाठवतात, अजून काय पाहिजे?

खारेदाणे: रोम्युलस २०२४ चा, तो कथेच्या क्रमाने चौथा. रात्रपाळी, क्रम कुठला धरलाय? आणि लेख कुणासाठी, केवढा?

रात्रपाळी: अहो १९९७ चा, रिसरेक्शन. कॉलेजच्या अंकाला, हजार शब्द.

मावळतीकर: क्रमाचं निघालंच आहे तर सांगतो, नवीन माणसाने प्रोमिथिअसपासून, म्हणजे कथेतल्या सगळ्यात आधीच्या सिनेमापासून, अजिबात सुरुवात करू नये. आधी रिडली स्कॉटचा १९७९ चाच, तोही रात्री, दिवे घालवून, मोबाईलवर तर नकोच.

शेवटची_रांग: मी कथेच्या क्रमाने बघितले, प्रोमिथिअसमधला यंत्रमानव डेव्हिड आधी कळला की १९७९ च्यातला ॲश जास्त कळतो.

मावळतीकर: मग ॲश माणूस नाही हा धक्काच गेला ना!

खारेदाणे: क्रमाचा वेगळा धागा काढा की. रात्रपाळी, रिसरेक्शन वगळू नका. पहिल्यात कंपनीची ऑर्डर ९३७ आठवा, प्राणी आणा, माणसं गेली तरी चालतील. इथे दोनशे वर्षं उलटून गेलीत, कंपनीच्या जागी लष्कर आलंय आणि तेही तेच करतं, नायिका रिप्लीचा क्लोन बनवून तिच्या छातीतली त्या प्राण्यांची राणी काढून घेतात, पळवून आणलेली झोपलेली माणसं विकत घेऊन अंड्यांपुढे ठेवतात. आणि आधीच्या फसलेल्या क्लोन्सची ती खोली बघा, तिथे रिप्लीवर नंबर पडलाय, तिसऱ्यापर्यंत जी नाही म्हणत होती तिचाच माल केलाय. तुमचा मुद्दा कंपनीच्या नावावर थांबवू नका, तिथेच अडताय तुम्ही.

पाटावरवंटा: माझं ऐकाल तर कंपनी सोडा, आई आणि मूल हे सूत्र धरा. कॅमेरॉनच्या १९८६ च्या दुसऱ्या भागाच्या मोठ्या आवृत्तीत रिप्ली सत्तावन्न वर्षांनी जागी होते आणि मुलगी म्हातारी होऊन गेल्याचं कळतं, मग न्यूट ही अनाथ पोर भेटते, मग ती राणी. मला दर वेळी रडू येतं.

रात्रपाळी: आईवर वेगळा लेख होईल, आता वेळ नाही. खारेदाणे, खूप आभार, क्लोनची खोली घेतो. एलियन विरुद्ध प्रीडेटरवाले दोन सिनेमे धरायचे का?

शेवटची_रांग: २००४ चा धरा, वेलंड आहे त्यात.

खारेदाणे: नको. त्यात चार्ल्स वेलंड, प्रोमिथिअसमध्ये पीटर वेलंड, एका लेखात कंपनीचे दोन जनक बसवण्यात तुमचे दोनशे शब्द जातील.