प्रति: स्तुतीच, पण कशाची?
"'अ‍ॅथलेटिक' म्हणणं ही स्तुतीच, त्यात वर्ण कुठून आला?" असं अमेरिकन फुटबॉलमधल्या काळ्या खेळाडूंबद्दल वर विचारलंय. एकट्या शब्दात काही नाही हो, तो कोणाच्या वाट्याला येतो ते बघा. गोरा क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) 'अभ्यासू', काळा 'उपजत वेगवान'. म्हणजे एकाचं डोकं, दुसऱ्याचे पाय! २०१८च्या एनएफएल (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) ड्राफ्टआधी, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधी, काळा क्वार्टरबॅक लमार जॅक्सनने रिसीव्हर (धावत जाऊन पास झेलणारा) व्हावं, असं एनएफएल संघांचे माजी व्यवस्थापक बिल पोलियन म्हणाले. हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) मिळवलेल्या क्वार्टरबॅकला! शेवटी बॉल्टिमोरने त्याला ३२व्या क्रमांकावर घेतलं आणि २०१९च्या हंगामात तो एकमताने एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू. (पोलियननी नंतर चूक कबूल केली, तेवढं श्रेय देऊ.) दुसरा काळा क्वार्टरबॅक वॉरन मून, त्याला तर १९७८च्या ड्राफ्टमध्ये कोणी निवडलंच नाही. गडी कॅनडात गेला आणि एडमंटनकडून सलग पाच ग्रे कप (तिथल्या लीगचं विजेतेपद) जिंकला.